पन्नास वॅट आणि तोंडलीचा मांडव

संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली की आमच्या घरात दोन कामं एकदम सुरू व्हायची. आई अल्तारापुढची मेणबत्ती लावायची आणि पापा पडवीत जाऊन आपल्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेल्या रेडिओचं बटण वर करायचे. मग आम्ही रोजरीला बसायचो. पापा म्हणायचे, "व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो, तेवढ्यात आपली प्रार्थना होते." आई म्हणायची, "म्हणजे देवाला तुम्ही व्हॉल्व्ह तापेपर्यंतच धरता." पडवीतून ट्रान्सफॉर्मरची बारीक गुणगुण येत असायची, बाहेर केळीच्या पानांची फडफड, आणि चुलीवर सुकट घातलेली तोंडली शिजत असायची. आजही कुणाच्या घरी जुना पंखा गुणगुणला की मला तोंडलीचा वास येतो.

पापा, म्हणजे गिरीज गावचे जुजे, सातवी झाल्यावर जहाजावर गेले. सुरुवातीला भांडी घासली, मग फावल्या वेळात वायरलेसच्या खोलीत बसून मोर्स, म्हणजे टकटकीची लिपी शिकले, परीक्षा दिल्या आणि त्याच खोलीत नोकरीला लागले. वाडीची ओढ होती म्हणून लवकर परत आले आणि केळी लावली. पण मोर्स सुटला नाही. घरून रेडिओवर संदेश पाठवायला हौशी लोकांना मिळतो तो सरकारी परवाना त्यांनी काढला आणि रेडिओ स्वतःच्या हातांनी बांधला. माझ्या शिक्षणाचं मूळ त्या पडवीतच आहे. घरात आधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. "पोरगी हुशार आहे, तिला सायन्सला घाल," असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं, तेव्हा पापांनी दुसरा विचार केला नाही. त्या बाईंचे आणि पापांचे उपकार मी रोज आठवते.

पापा रोज संध्याकाळी ज्यांच्याशी बोलायचे ते सावंतकाका मालवणजवळच्या एका खेड्यात राहत. दोघं एकाच जहाजावर वायरलेसवाले होते, पण पाळ्या वेगळ्या. एक कामावर असताना दुसरा झोपलेला. पाळी बदलायच्या वेळी एकाने बोटांनी केबिनच्या भिंतीवर मोर्समध्ये टकटक करायची आणि दुसऱ्याने उठायचं. पापा सांगायचे, "इतकी वर्षं एका जहाजावर काढली, पण समोरासमोर बसून जेवलो असू ते बंदरात उतरल्यावरच." म्हणजे त्यांची मैत्री पहिल्यापासून टकटकीचीच. जहाज सुटल्यावर ती टकटक हवेतून चालू राहिली. बोलणं तरी काय, तर आज काय जेवलास, तुझ्याकडे माड कसे आहेत, गुडघा कसा आहे. पापा कानावर हेडफोन लावून कागदावर एकेक अक्षर उतरवत आणि मधेच खुदकन हसत. मी विचारायचे, "काय म्हणाले?" तर ते म्हणायचे, "सोलकढी सांडली म्हणतोय." एवढ्यावर ते हसू शकत.

आमच्या वाडीला लागूनच इनासकाकांची वाडी होती. मधे कुंपण नव्हतं. कुंपणाच्या जागी होता त्यांचा तोंडलीचा मांडव. बांबूच्या खांबांवर लोखंडी तारांचं जाळं टाकलेलं, त्यावर वेल पसरलेला, आणि खाली भर दुपारीही ओली सावली. तो मांडव इनासकाका आणि पापा यांनी मिळून उभा केला होता. तारा कुठल्यातरी जुन्या कुंपणाच्या होत्या. जिथे कमी पडल्या तिथे दोन टोकांचे आकडे करून एकमेकांत अडकवल्या होत्या. दोन्ही घरांची विहीर एक, पंप एक. आमच्या घरी तोंडली विकत आणल्याचं मला आठवत नाही. गल्लीतला पहिला टीव्हीही इनासकाकांकडेच आला. रविवारच्या सिनेमाला आम्ही सगळे त्यांच्या खळ्यात दाटीवाटीने बसायचो आणि कोंशीमावशी, म्हणजे इनासकाकांची बायको, चहाबरोबर तळलेले गोड फुगे द्यायची.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा सावंतकाका "पुन्हा सांग" असं जास्त वेळा विचारू लागले. आधी एखाद्या शब्दापुरतं, मग प्रत्येक वाक्याला. पापा हळू पाठवू लागले, आणखी हळू पाठवू लागले. तरी पलीकडून प्रश्नचिन्हच यायचं. सावंतकाकांचा मोर्स मात्र इकडे स्वच्छ ऐकू येत होता. मधूनच कोल्हापूरचे एक डॉक्टर, तेही हौशी परवानाधारक, आत शिरून सांगायचे, "तुमचा सिग्नल इथे उत्तम आहे." पापा मला म्हणायचे, "कोल्हापूर घाटावर आहे. मालवण खाली. तिथे माझं पोचत नसणार." त्यांचा रेडिओ दहा वॅटचा होता. परवाना पन्नासपर्यंतचा होता. तेव्हा त्यांनी ठरवलं, की सिग्नलची ताकद वाढवणारा अँप्लिफायर बांधायचा.

पावसाळाभर ते काम चाललं होतं. पडवीत राळेचा आणि तापलेल्या शिशाचा धूर, जमिनीवर ॲल्युमिनियमचे तुकडे, आई झाडू घेऊन उभी. मी गुणाकार, भागाकार करायला बसायचे. मला आलेलं उत्तर मी त्यांना सांगितलंही होतं. "पापा, दहाचे पन्नास केले म्हणून पाचपट मोठं ऐकू येणार नाही. सावंतकाकांच्या मीटरचा काटा फार तर एक घर वर जाईल." ते म्हणाले, "माहीत आहे गो. पण एक घर म्हणजे एक घर." त्यांना हे माझ्याआधी माहीत होतं. पण पाचपट या शब्दाने त्यांना धीर येत होता, आणि कुणाचा धीर गणिताने काढून घ्यायचा नसतो हे मला तेव्हाही कळलं होतं.

अँप्लिफायरच्या तोंडावरची पट्टी त्यांनी मुंबईच्या भंगारबाजारातून आणली. जुन्या जहाजावरच्या कुठल्याशा यंत्राची, जाड, काळी, सुंदर. तिच्यावर इंग्रजी आकड्यांत ५०० कोरलेलं होतं. मी म्हटलं, निदान एक शून्य खरवडून काढा. ते म्हणाले, "राहू दे. तिने समुद्र बघितलाय." तो आकडा इनासकाकांनी वाचला.

"पाचशे वॅट?" ते म्हणाले. "जुजे, आपल्या विहिरीचा पंप एक घोड्याचा. म्हणजे साडेसातशे. तू अर्ध्याहून जास्त पंप नुसता हवेत फेकणार?"

"पाचशे नाही रे. पट्टी जुनी आहे. परवान्यात आहे तेवढंच, पन्नास."

"मग लिहिलंय कशाला?"

"तुझ्या बनियनवर काय लिहिलंय ते वाच. तू सुपरमॅन आहेस?"

कोंशीमावशी तोंडाला पदर लावून हसली. इनासकाकाही हसले. त्यांचं हे हसणं मला नीट आठवतं, कारण त्यानंतर ते आमच्या पडवीत हसले नाहीत. (हे सगळं बोलणं आमच्या गावच्या बोलीतलं. ती लिहिली तर आता माझ्या नातवंडांनाही कळणार नाही, म्हणून सरळ करून लिहिते आहे.)

अँप्लिफायर चालू झाला त्याच संध्याकाळी इनासकाकांच्या टीव्हीवर रेघा आल्या. दहा वॅटवर कधी एक रेघ आली नव्हती. आता पापांनी मोर्सची कळ दाबली की बातम्या देणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर तिरके पट्टे, कळ सोडली की गेले. मोर्स असल्यामुळे पट्टेही मोर्समध्येच यायचे. कोंशीमावशी म्हणायची, "बाईला डोळा मारायची सवय लागली आहे." पहिले दोन दिवस तसं हसण्यावारी गेलं. मग रविवारचा सिनेमा आला. सिनेमा सुरू झाला आणि पापांची वेळही तीच.

"जुजे!" मांडवापलीकडून हाक आली. "तुझा पाचशेचा डबा बंद कर!"

पापांनी बंद केला. पण सावंतकाका तिकडे प्रश्नचिन्हं पाठवत होते, आणि त्यांना उत्तर न देता बसणं पापांना जमत नव्हतं. चेहरा पडलेला, हात कळेवर. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं खोलून पाहिलं. आपल्या लहरीपलीकडचं काही बाहेर पडू नये म्हणून वेटोळी बसवलेला एक बंद डबा त्यांनी आधीच लावला होता, त्याच्या जोडीला दुसरा लावला. मांडवावरून गेलेल्या एरियलच्या जागी काचेचा दिवा जोडून कळ दाबली. सगळी शक्ती दिव्यात, हवेत काही नाही. टीव्ही स्वच्छ. म्हणजे खोकं निर्दोष होतं. एरियल जोडली की पुन्हा रेघा. इनासकाकांची छपरावरची अँटेनाही त्यांनी स्वखर्चाने बदलून दिली. रेघा तशाच. गल्लीत मात्र "पाचशे" हा शब्द फिरत होता. कुणाची कोंबडी अंडी देईना, तर जुजेचे पाचशे. कुणाचा नारळ अवेळी पडला, तरी जुजेचे पाचशे. एवढा नियमाने वागणारा माणूस, पण त्याचं कुणी ऐकेना. त्याच्याच पट्टीवर तसं लिहिलेलं होतं ना.

उत्तर मला कॉलेजात मिळालं. आमच्या प्रयोगशाळेत जुन्या पद्धतीचा एक रेडिओ होता, खनिजाच्या खड्यावर सुई टेकवली की गाणी ऐकवणारा. सर शिकवताना सहज म्हणाले, "खडाच लागतो असं नाही. गंजलेल्या लोखंडाला लोखंड टेकलं तरी हेच होतं. आणि असा सांधा आलेली लहर जशीच्या तशी ठेवत नाही. तिच्या दुप्पट, तिप्पट, नऊपट अशा नव्या लहरी करून सोडतो." मी वहीच्या कोपऱ्यात लिहिलं, सात नव्वे त्रेसष्ट. पापांची लहर सात मेगाहर्ट्झची. मुंबईच्या टीव्हीचं चित्र त्रेसष्टच्या आसपास. आणि पापांच्या एरियलखाली खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षं गंजलेल्या, आकडे घालून जोडलेल्या तारांचं अख्खं जाळं उभं होतं.

घरी येऊन मी पापांना सांगितलं. त्यांनी मांडवाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आम्हीच अडकवले होते ते आकडे."

रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही चाचणी घेतली. पापा कळेवर, मी मांडवाखाली लांब बांबू घेऊन, कोंशीमावशी टीव्हीपुढे. अर्धी गल्ली देवळातून येता येता चांगल्या कपड्यांत तिथेच थांबली. मी बांबूने एकेका सांध्याला ढोसत गेले.

"आहेत!" कोंशीमावशी आतून ओरडली. "आहेत. आहेत. अगो गेल्या! नाही, आल्या!"

विहिरीकडच्या कोपऱ्यातला सांधा हलवला की रेघा नाचत होत्या, बांबूने तारा ताणून धरल्या की जात होत्या. पुन्हा पुन्हा करून दाखवलं. कित्येक आठवड्यांचं ओझं पापांच्या अंगावरून त्या क्षणी उतरलं, आणि ते उठून बाहेर आले आणि मोठ्याने, अगदी मनापासून हसले.

"इनास," ते म्हणाले, "गुन्हेगार सापडला! रेघा तुझ्या तोंडलीला लागतात रे!"

त्यात खरोखर काही विखार नव्हता. पण गल्ली तयारच होती. "इनास, तुझं स्टेशन किती वाजता लागतं?" कुणीतरी विचारलं. "गिरीज तोंडली केंद्र!" दुसरा म्हणाला. पोरं ते ओरडत पळाली. इनासकाका देवळाचा पांढरा शर्ट घालून उभे होते. ते एवढंच म्हणाले, "मांडव आधी होता, जुजे. टीव्ही पण आधी होता. डबा नंतर आला." आणि आत गेले. त्यांच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती.

"चिडला," पापा आईला म्हणाले. "हंगाम संपला की नवी, न गंजणारी जस्ताची तार आणतो. दोघं मिळून बदलू. तोपर्यंत सिनेमाच्या वेळी मी बंद ठेवीन."

ती वेळ आली नाही. मंगळवारी सकाळी मी पाणी भरायला गेले तर विहिरीपर्यंत लखलखीत ऊन होतं. आधी मला कळेना की एवढा उजेड कुठून आला. मांडव नव्हता. इनासकाकांनी पहाटेपासून एकेक तार तोडून खाली ओढली होती. वेल ढिगाने पडला होता, पांढऱ्या फुलांसकट, बोटाएवढ्या तोंडलींसकट. ते ढिगाऱ्यापाशी उकिडवे बसून तारेचे तुकडे गोळा करत होते. मी "काका" म्हटलं. त्यांनी वर पाहिलं नाही. "जा बाय, कॉलेजला उशीर होईल," असं म्हणाले.

दुपारी कोंशीमावशी टोपली घेऊन आली. "शेवटची आहेत," म्हणाली आणि बसली नाही. आईने त्या संध्याकाळी सुकट घालून ती केली, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. पापांनी ताट पुढे ओढलं, मग तसंच ठेवलं आणि पडवीत गेले.

आता टीव्हीवर रेघ नव्हती. गल्लीत तक्रार नव्हती. पन्नास वॅट परवान्याप्रमाणे, स्वच्छ, कुणालाही न खुपता मालवणकडे जात होते. आणि तिकडून येत होतं प्रश्नचिन्ह. पापा तेच वाक्य पुन्हा पाठवत. आज काय जेवलास. आज काय जेवलास. शेवटी एका संध्याकाळी कोल्हापूरचे डॉक्टर मधे आले आणि मोर्स सोडून आवाजात बोलले. ते मालवणला लग्नाला गेले होते आणि मुद्दाम सावंतकाकांच्या घरी जाऊन आले होते.

"तुमचा सिग्नल तिथेही उत्तम आहे," ते म्हणाले. "मी स्वतः त्यांच्या रेडिओवर ऐकला. दोष रेडिओत नाही. सावंतांचे कान गेलेत. दोन्ही. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. रोज हेडफोन लावून बसतात, मीटरचा काटा उडाला की समजतात तुम्ही आलात. मग आपलं सांगून घेतात."

पापांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी डॉक्टरांचे आभार मानले आणि अँप्लिफायरचं बटण खाली केलं. मला म्हणाले, "म्हणजे काटा एक घर जास्त उडाला असेल, नाही?" मी हो म्हटलं. माझं गणित बरोबर आलं होतं.

त्यांनी संध्याकाळची वेळ मोडली नाही. साध्या दहा वॅटवर ते येत, काटा उडण्यापुरतं काहीतरी पाठवत आणि सावंतकाकांचं ऐकून घेत. उत्तर न देता ऐकणं त्यांनी शिकून घेतलं. पुढच्या वर्षी मालवणकडून येणंच थांबलं. नव्या जस्ताच्या तारेचं वेटोळं घेऊन पापा इनासकाकांकडे गेले होते, मीही सोबत होते. इनासकाका म्हणाले, "राहू दे जुजे. आता तोंडली खावीशी वाटत नाहीत." त्या जागी त्यांनी पपया लावल्या. भांडण असं झालंच नाही. पंप कुणी कधी चालवायचा एवढं बोलणं राहिलं. पापा गेले तेव्हा इनासकाकांनी खांदा दिला आणि घरी न येता कबरस्तानातूनच परत गेले. पुढे त्यांच्या मुलांनी वाडी विकली. तिथे आता इमारत आहे. मी माणिकपूरला राहते, आणि तारेचं ते वेटोळं माझ्या गॅलरीत खिळ्याला आहे, अजून न गंजलेलं.

निवृत्त झाल्यावर मीही परवाना काढला. दोन वर्षांपूर्वी हौशी रेडिओवाल्यांच्या एका मेळाव्यात मी एक जन्मतः बहिरे गृहस्थ पाहिले. हेडफोन नाही. स्पीकरचा डबा उघडा करून, आतल्या कागदाच्या पडद्यावर दोन बोटं हलकेच टेकवून ते बसले होते, आणि दुसऱ्या हाताने सरसर मोर्स उतरवत होते. स्वर अगदी खालचा ठेवलेला, घुमणारा. मी लिहून विचारलं, असं जमतं? त्यांनी लिहिलं, बोटांना कधीपासूनच जमतं. मी बाजूला जाऊन खुर्चीवर बसले. केबिनच्या भिंतीवर बोटांनी टकटक करून एकमेकांना उठवणारी ती दोन माणसं. त्यांना हे सुचलं नाही, डॉक्टरांना सुचलं नाही, भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मला सुचलं नाही. आम्ही सगळे ताकद वाढवत बसलो.

परवा पापांच्या जुन्या रेडिओला मी स्पीकर जोडला, कानात कापूस घातला आणि बोटं टेकवली. आधी नुसत्या मुंग्या आल्या. मग कुणीतरी, कुठूनतरी, सावकाश पाठवत होतं, त्यातलं एक अक्षर कळलं. मग दुसरं. मी आवाजाचं बटण कमी करत गेले, आणखी कमी, तरी बोटांना कळत होतं. दहा वॅट पुरले असते. मांडव उभा राहिला असता.